रांजण, टायर आणि करवंटी

चिकनगुनिया पसरवणारा एडिस डास फार लांब उडत नाही. ज्या पाण्यात तो जन्मतो, तिथून शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचं बहुतेक आयुष्य संपतं आणि ते आयुष्यही दोन-चार आठवड्यांचं. तुमच्या सोसायटीच्या गेटपासून नाक्यावरच्या वडापावच्या गाडीपर्यंत, एवढंच त्याचं जग. तरीही या डासाच्या भरवशावर जगणारा एक विषाणू आज शंभराहून जास्त देशांत पोचलेला आहे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी त्याला नावसुद्धा नव्हतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे रात्री काही बंद पडलं की पहिला प्रश्न असतो, ‘हे आलं कुठून?’ पण खरा कामाचा प्रश्न दुसरा असतो: ‘आलं ते आलं, इथे टिकलं कशामुळे?’ चिकनगुनियाच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. त्याला आपण नेलं. ताप आल्यावर पहिले पाच-सात दिवस माणसाच्या रक्तात विषाणू असतो आणि तेवढ्या दिवसांत माणूस जहाजात, रेल्वेत, विमानात बसून कुठल्या कुठे जाऊ शकतो. पण ताप घेऊन उतरलेल्या प्रत्येक प्रवाशामागे साथ येत नाही. साथ यायला त्या जागी डास हवा आणि डासाला अंडी घालायला पाण्याचं भांडं हवं. म्हणून या विषाणूचा इतिहास वाचायला लागलं की रोगापेक्षा भांडीच जास्त दिसायला लागतात.

पठारावरचे हंडे

टांझानियाच्या दक्षिण टोकाला, मोझांबिकच्या सीमेजवळ माकोंडे नावाचं पठार आहे. १९५२-५३ मध्ये, हा देश ‘टांगानिका’ नावाने ब्रिटिशांच्या ताब्यात असताना, तिथल्या नेवाला भागात एका विचित्र तापाची साथ आली. ताप एकदम चढायचा आणि सांधे असे धरायचे की धडधाकट माणूस कमरेत वाकून बसायचा. मॅरियन रॉबिन्सन यांनी आजाराची लक्षणं टिपली, डब्ल्यू. एच. आर. लम्सडेन यांनी साथ कशी पसरली ते तपासलं. दोघांचे निबंध १९५५ मध्ये आले. आर. डब्ल्यू. रॉस यांनी युगांडातल्या एन्टेबे इथल्या प्रयोगशाळेत विषाणू वेगळा काढला. नाव मात्र पठारावरच्या लोकांनी आधीच दिलेलं होतं. त्यांच्या किमाकोंडे भाषेत ‘चिकनगुनिया’ म्हणजे वाकवून टाकणारं.

आपल्याकडे २००६ मध्ये साथ आली तेव्हा नावातल्या ‘चिकन’ने बराच गोंधळ घातला. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला होता. त्यामुळे कोंबडी खाल्ल्याने हा ताप येतो, असं अनेकांना मनापासून वाटायचं. कोंबडीचा यात काडीचाही संबंध नाही.

संबंध आहे तो पाण्याचा. माकोंडे पठारावर ओढे-नाले जवळपास नाहीत. पडलेला पाऊस जमिनीत मुरून जातो. पाणी आणायचं तर पठार उतरून खालच्या खोऱ्यात जायचं आणि डोक्यावर घेऊन पुन्हा चढायचं. असं आणलेलं पाणी झोपडीत भांड्यांमध्ये जपून ठेवलेलं असायचं, वर्षभर. भांडं तळापर्यंत रिकामं होण्याआधीच त्यात नवीन भर पडायची. एडिस इजिप्ती या डासाला नेमकं हेच लागतं: सावलीतलं, स्वच्छ, न हलणारं पाणी आणि शेजारी झोपलेली माणसं. लम्सडेन यांना साथीचं मूळ या घरातल्या पाण्यात दिसलं.

आता त्या बाईच्या जागी उभं राहून बघा. दोन-तीन तासांची चढण चढून आणलेला हंडा आहे. त्यात अळ्या दिसतात म्हणून तो कोण ओतून देईल?

नावांची अदलाबदल

१९५२ ची साथ ही विषाणूची पहिली साथ नव्हती. ती फक्त पहिली ओळखलेली साथ होती. आफ्रिकेच्या जंगलात माकडं आणि जंगली डास यांच्यात हा विषाणू फार पूर्वीपासून फिरत आलेला आहे. एडिस इजिप्तीही मूळचा तिथलाच, झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात अंडी घालणारा. माणसाने घरात पाणी साठवायला सुरुवात केल्यावर त्याने ढोल सोडून हंडा धरला. पुढे गुलामांची आणि मालाची ने-आण करणाऱ्या शिडाच्या जहाजांवर पाण्याची पिंपं आली आणि डासाला समुद्र ओलांडायची सोय झाली. पिंपात अळ्या, डेकवर माणसं, म्हणजे साथीला लागणारं सगळं एकाच जहाजावर.

१७७९ मध्ये बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डेव्हिड बायलॉन या डॉक्टरने एका तापाचं वर्णन केलं. डच लोक त्याला ‘बोटांच्या पेरांचा ताप’ म्हणायचे. १८२३ मध्ये झांझिबारला, १८२४ मध्ये कोलकात्याला आणि १८२७-२८ मध्ये कॅरिबियन बेटांवर अशाच सांधे धरणाऱ्या तापाच्या साथी आल्या. कॅरिबियनमध्ये रोगी ताठ, अवघडल्यासारखे चालायचे म्हणून लोकांनी त्याला ‘डँडी फीव्हर’ म्हटलं, नटून-थटून चालणाऱ्या छैलछबिल्यांवरून. वैद्यकीय पुस्तकांत या सगळ्या साथी पुढे ‘डेंग्यू’ म्हणून नोंदल्या गेल्या.

१९७१ मध्ये डोनाल्ड कॅरी या संशोधकाने या जुन्या नोंदी पुन्हा वाचल्या आणि एक साधा प्रश्न विचारला: दिवसेंदिवस न सुटणारी सांधेदुखी हे डेंग्यूचं लक्षण आहे का? त्यांचं म्हणणं असं की यातल्या अनेक साथी मुळात चिकनगुनियाच्या असाव्यात. ज्या तापावरून ‘डेंग्यू’ हे नाव पडलं तोच बहुधा चिकनगुनिया होता आणि नंतर ते नाव दुसऱ्याच विषाणूला चिकटलं. फाइलवर चुकीचं लेबल लागावं आणि दीडशे वर्षं कुणी ती उघडूनच पाहू नये, असा हा प्रकार.

कोलकाता ते बार्शी

विषाणू ओळखायची सोय झाल्यानंतर भारतात त्याची पक्की नोंद झाली ती १९६३ मध्ये, कोलकात्यात. पुढच्या वर्षी तो चेन्नई, वेल्लोर, पुद्दुचेरी आणि आंध्रच्या किनाऱ्यावरच्या शहरांत होता. १९६५ मध्ये नागपुरात. आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत.

बार्शीच्या साथीचा अभ्यास पुण्याच्या संस्थेने केला. ही संस्था १९५२ मध्ये, माकोंडेची साथ आली त्याच वर्षी, ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून सुरू झाली होती. आज आपण तिला राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे एनआयव्ही म्हणून ओळखतो. बार्शीत एक-तृतीयांशाहून जास्त लोकांना ताप येऊन गेला. एका घरात पाच माणसं असतील तर त्यातली दोघं अंथरुणावर, असं गावभर.

१९७३ हे साल मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळाच्या झळा सोलापूर जिल्हा तेव्हा भोगत होता. विहिरी आटलेल्या, रोजगार हमीची कामं चाललेली आणि घरात जे भांडं रिकामं दिसेल त्यात पाणी भरून ठेवलेलं. रांजण, माठ, हौद, हंडे. दुष्काळात डास कमी होतात असं आपण गृहीत धरतो, कारण डबकी आटतात. पण एडिसला डबकं लागतच नाही. दुष्काळ वाढतो तशी घरातली भरलेली भांडी वाढतात आणि एडिसचं राज्य सुरू होतं.

बार्शीनंतर भारतातून चिकनगुनिया जणू गायब झाला. याचं एक कारण असं की एकदा हा आजार झालेल्या माणसाला तो सहसा पुन्हा होत नाही. आशियात या विषाणूला आफ्रिकेसारखा माकडांचा आसरा नाही, इथे माणसातून डासात आणि डासातून माणसात अशी साखळी चालू राहावी लागते. गाव एकदा आजारी पडून उठलं की साखळी तुटते. बत्तीस वर्षं मोठी साथ आली नाही. २००५ उजाडेपर्यंत देशातली निम्म्याहून जास्त माणसं १९७३ नंतर जन्मलेली होती. त्यांच्या शरीराला या विषाणूची काहीच ओळख नव्हती.

मधल्या काळातली एक नोंद मात्र मला फार अस्वस्थ करते. २००० मध्ये पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवत गावात पकडलेल्या एडिस डासांमध्ये चिकनगुनियाचा विषाणू मिळाला होता. पुढे २००६ च्या साथीनंतर एनआयव्हीने जुने-नवे विषाणू शेजारी ठेवून तपासले तेव्हा कळलं की १९६३ ते १९७३ चे भारतीय विषाणू ‘आशियाई’ घराण्याचे होते, तर यवतचा नमुना आणि २००६ ची साथ दोन्ही पूर्व-मध्य आफ्रिकेतल्या घराण्याचे. जुना पाहुणा परत आला नव्हता. नवीनच कुणीतरी दारात उभं होतं आणि त्याच्या घराण्याची एक खूण साथीच्या पाच वर्षं आधी, हायवेवरच्या एका गावात मिळालेली होती.

समुद्रावरून

२००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरच्या लामू बेटावर साथ आली. तिथेही दुष्काळ होता. पाऊस नाही म्हणून घरातल्या टाक्या वाहून स्वच्छ होत नव्हत्या, असलेलं पाणी पुरवून पुरवून वापरलं जात होतं. साथ ओसरल्यावर केलेल्या रक्ततपासणीत दिसलं की बेटावरच्या दर चार माणसांमागे तिघांना लागण होऊन गेली होती. वर्षअखेरीस विषाणू मोंबासा शहरात होता, २००५ च्या सुरुवातीला कोमोरोस बेटांवर आणि मार्चपर्यंत रियुनियन बेटावर.

रियुनियन ही हिंदी महासागरातली फ्रान्सची भूमी. चांगले रस्ते, चांगली इस्पितळं, नळाला पाणी. लोकसंख्या तेव्हा पावणेआठ लाखांच्या आसपास. एडिस इजिप्ती तिथे नावालाच होता. त्याच्या जागी होता त्याचा चुलतभाऊ एडिस अल्बोपिक्टस, अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमुळे टायगर मॉस्किटो म्हटला जाणारा. हा विषाणू वाहून नेण्यात तो तोवर दुय्यम मानला जायचा. सुरुवातीला तसंच झालं. काही हजार रुग्ण झाले, थंडी आली, साथ मंदावली.

मग डिसेंबरपासून सगळं उलटलं. फेब्रुवारी २००६ मध्ये एकाच आठवड्यात चाळीस हजारांहून जास्त लोक आजारी पडले. औषध फवारायला सैनिक उतरवावे लागले. साथ संपली तेव्हा बेटावरच्या सुमारे अडीच लाखांहून जास्त लोकांना, म्हणजे जवळपास दर तिसऱ्या माणसाला, चिकनगुनिया होऊन गेला होता.

एक अक्षर

मधल्या काही महिन्यांत काय झालं होतं?

चिकनगुनियाच्या विषाणूची सगळी माहिती साधारण ११,८०० अक्षरांत लिहिलेली असते. तुम्ही आत्ता वाचताय त्या लेखापेक्षाही कमी अक्षरांत. ही माहिती आरएनएवर असते आणि तिची नक्कल करणाऱ्या यंत्रणेला चुका तपासून दुरुस्त करता येत नाहीत. बॅकस्पेस नसलेल्या कीबोर्डवर कुणीतरी कोट्यवधी वेळा तोच मजकूर टाइप करतंय असं समजा. चुका होतच राहतात. बहुतेक चुका निरुपयोगी असतात, पुष्कळ घातकही असतात.

रियुनियनच्या विषाणूत एका जागी ‘सी’चं ‘यू’ झालं. विषाणूच्या बाहेरच्या आवरणावर ई-१ नावाचं प्रथिन असतं. त्याच्या २२६ व्या जागी अॅलॅनिन असायचं, तिथे व्हॅलिन आलं. बस, एवढंच. २००५ च्या सुरुवातीच्या नमुन्यांत हा बदल नव्हता. त्या सप्टेंबरनंतरच्या नव्वद टक्क्यांहून जास्त नमुन्यांत तो होता. २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवून दिलं की या एका बदलामुळे टायगर मॉस्किटोला लागण व्हायला विषाणू कितीतरी कमी प्रमाणात पुरतो. एडिस इजिप्तीच्या बाबतीत याचा तसा फायदा नव्हता.

म्हणजे विषाणूला नवा डास मिळाला. आणि या नव्या डासाच्या सवयी वेगळ्या. इजिप्ती घरात राहतो. टायगर मॉस्किटो घराबाहेरच्या झाडाझुडपांत राहतो, थंडी जास्त सोसतो आणि त्याला हंडा लागत नाही. कुंडीखालची बशी, फेकलेला डबा, बांबूचा पेर, टायर, काहीही चालतं.

ड्रम आणि करवंटी

भारतात ही साथ २००५ च्या शेवटी आंध्र प्रदेशात दिसायला लागली. २००६ च्या सुरुवातीला मालेगावात दोन हजारांहून जास्त रुग्ण होते. मग मराठवाडा, कर्नाटक, तामिळनाडू, मध्य प्रदेश, गुजरात. वर्षभरात देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. इथल्या विषाणूत ते नवं अक्षर नव्हतं. त्याची गरजही नव्हती. बार्शीच्या वेळचे रांजण जाऊन आता निळे प्लॅस्टिकचे ड्रम, सिमेंटच्या टाक्या आणि कूलरचे टब आले होते. एडिस इजिप्तीसाठी घर तेच, फक्त भांडी बदललेली.

मी तेव्हा चौथीत होते. मराठवाड्यातल्या आमच्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. गल्लीत कुणी जिना चढू शकत नव्हतं, कुणाला सकाळी दाराची कडी काढता येत नव्हती. आजीचा ताप चार दिवसांत उतरला, पण शेंगा फोडायला तिला दिवाळीपर्यंत जमलं नाही. ती शेंग बोटांत धरायची, दाबायची आणि मग आमच्याकडे सरकवायची.

पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, केरळात साथ पुन्हा आली आणि या वेळी तिथल्या विषाणूत तोच बदल होता: २२६ व्या जागी व्हॅलिन. तो रियुनियनहून आलेला नव्हता. केरळात तो स्वतंत्रपणे, नव्याने झाला होता. मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉन-कॅमेरूनच्या विषाणूंतही तो असाच वेगळा झालेला सापडला. तीन वेगळ्या जागी, एकमेकांशी संबंध नसताना, तीच ‘चूक’ निवडली गेली, कारण तिन्ही ठिकाणी टायगर मॉस्किटो भरपूर होता.

केरळात तो भरपूर का? देशातलं बहुतेक रबर तिथे पिकतं. झाडाच्या खोडाला चीर देतात आणि गळणारा चीक खाली बांधलेल्या करवंटीत किंवा कपात धरतात. जोराच्या पावसात अनेक मळ्यांत चीक काढणं थांबतं, पण करवंट्या झाडावरच राहतात. एका मळ्यात शेकडो झाडं आणि प्रत्येक झाडाला सावलीत, कमरेच्या उंचीवर बांधलेलं, पावसाच्या पाण्याने भरलेलं एक भांडं. एडिससाठी कुणी ठरवून सोय केली असती तरी ती याहून चांगली झाली नसती.

इटलीतलं खेडं

त्याच २००७ च्या जूनमध्ये केरळहून एक प्रवासी नातेवाइकांना भेटायला ईशान्य इटलीतल्या कास्तिलियोने दी चेर्व्हिया या खेड्यात पोचला. तिथे त्याला ताप आला. जुलैपासून त्या खेड्यात आणि नदीपलीकडच्या जुळ्या खेड्यात लोक पटापट आजारी पडायला लागले. सप्टेंबरपर्यंत दोनशेहून जास्त रुग्ण झाले आणि ८३ वर्षांच्या एका माणसाचा मृत्यू झाला. युरोपच्या समशीतोष्ण पट्ट्यात चिकनगुनियाची स्थानिक साथ येण्याची ही पहिली वेळ. विषाणूत व्हॅलिन होतं.

या बातमीत सगळ्यांचं लक्ष त्या प्रवाशाकडे गेलं. पण त्याच्या सतरा वर्षं आधी आणखी एक प्रवासी इटलीत उतरला होता. १९९० मध्ये जेनोआमध्ये टायगर मॉस्किटो पहिल्यांदा सापडला. तो आला जुन्या टायरांच्या व्यापारातून. वापरलेले टायर जहाजाने देशोदेशी जातात, रिमोल्ड करायला किंवा पुन्हा विकायला. उघड्यावर पडलेल्या टायरात पाणी साचतं, डास आतल्या कडेला अंडी चिकटवतो. पाणी आटलं तरी ती अंडी कोरडी, जिवंत, महिनोन् महिने वाट बघतात. दुसऱ्या खंडावर पाऊस पडला की अळ्या बाहेर. याच वाटेने हा डास १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनला पोचला होता. प्रवाशाच्या पासपोर्टवर शिक्का बसला, टायरांना कुणी काही विचारलं नव्हतं.

कॅरिबियनची गोष्ट अजून वेगळी. डिसेंबर २०१३ मध्ये सेंट मार्टिन बेटावर चिकनगुनियाची स्थानिक लागण सिद्ध झाली आणि वर्षभरात अमेरिका खंडात दहा लाखांहून जास्त संशयित रुग्ण झाले. सगळ्यांना वाटलं होतं की तिथे पोचेल तो रियुनियनवाला, नव्या अक्षराचा विषाणू. पोचला तो जुन्या आशियाई घराण्याचा. या घराण्याला टायगर मॉस्किटोचा फायदा घेता येत नाही, कारण त्याच प्रथिनात ९८ व्या जागी असलेला दुसरा एक फरक २२६ व्या जागेच्या बदलाला निष्प्रभ करतो. पण कॅरिबियनमध्ये एडिस इजिप्ती मुबलक होता, गुलामांच्या जहाजांच्या काळापासूनचा. आणि तिथली माणसं विषाणूला पूर्ण नवखी. तेवढं पुरलं.

कुणाचं पाणी

हा सगळा प्रवास एकत्र मांडला की दोन प्रकारची भांडी वेगळी दिसतात. एक, नाइलाजाने साठवलेल्या पाण्याची: माकोंडेचे हंडे, बार्शीचे रांजण, लामूच्या टाक्या, आमच्या गल्लीतले निळे ड्रम. दुसरी, विसरलेल्या पाण्याची: टायर, करवंटी, कुंडीखालची बशी, अर्धवट बिल्डिंगच्या स्लॅबवर साचलेलं पाणी. पहिल्या प्रकारात माणसाला ते पाणी हवं असतं. दुसऱ्यात त्याची कुणाला आठवणही नसते.

आपली सगळी मोहीम मात्र या दोन्हींना एकच सूचना देते: पाणी साचू देऊ नका, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. सूचना शास्त्राला धरून आहे. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून, आतून घासून, कोरडं केलं तर साखळी तुटते. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटलेली असतात. टायरवाल्याला, बिल्डरला, सोसायटीच्या गच्चीला ही सूचना अगदी लागू आहे आणि तिथे दंडही जरूर व्हावा.

पण जिथे नळच आठ किंवा पंधरा दिवसांनी येतो, तिथे कोरडा दिवस म्हणजे नेमकं काय करायचं? लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात लातूरमधल्या बाईला ‘ड्रम ओतून टाका’ म्हणून सांगणं आणि माकोंडेतल्या बाईला हंडा ओतायला सांगणं, यात काय फरक आहे? तिने करता येण्यासारखं आहे ते घट्ट झाकण, वर बांधलेलं फडकं, हौदात सोडलेले गप्पी मासे. ते ती करतेही. बाकीचं तिच्या हातात नाही. तरी साथ आली की घरोघरी तपासणी होते, अळ्या सापडतात आणि ‘नागरिकांचा निष्काळजीपणा’ असा शेरा बसतो.

मोजणीतही हेच झालं. २००६ च्या देशपातळीवरच्या आकड्यांत तेरा लाखांहून जास्त रुग्ण होते आणि चिकनगुनियाने झालेला मृत्यू एकही नव्हता. याच आजारात रियुनियनने सुमारे अडीचशे मृत्यूंची नोंद केली होती. अहमदाबादमधल्या संशोधकांनी मग वेगळी वाट धरली. त्यांनी शहराच्या मृत्युनोंदी काढल्या आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर २००६ मधले मृत्यू आधीच्या चार वर्षांतल्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिले. एकट्या अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे २,९०० मृत्यू जास्त होते. बहुतेक म्हातारी, आधीच आजारी माणसं असावीत, असं मानायला जागा आहे. दाखल्यावर हृदय, मूत्रपिंड, वय असं काहीतरी लिहिलं गेलं असेल. आजार ‘जिवावर बेतणारा नाही’ असं आधीच ठरलं होतं, म्हणून तसे मृत्यू शोधले गेले नाहीत आणि शोधले नाहीत म्हणून ते नव्हते.

विषाणूने मात्र काम थांबवलेलं नाही. २०२४ मध्ये पुण्यात आणि नागपुरात रुग्ण पुन्हा वाढले. २०२५ मध्ये, वीस वर्षांनी, रियुनियनमध्ये पुन्हा मोठी साथ आली. त्याच उन्हाळ्यात फ्रान्सच्या मुख्य भूमीवर स्थानिक लागणीचे शेकडो रुग्ण झाले आणि चीनमध्ये फोशान शहरात हजारो. मधल्या वीस वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या शरीराला त्याची ओळख नाही. बार्शीनंतर जे झालं तेच गणित पुन्हा जुळतंय.

त्या गणितात आपल्या हातात असलेला एक आकडा आहे. डासाला जन्मायला आठ-दहा दिवस लागतात. ज्या गावात नळ रोज किंवा दिवसाआड येतो, तिथे ड्रम भरून ठेवायची गरज कमी होते आणि ठेवलाच तरी तो आठवड्याच्या आत रिकामा होतो. ज्या गावात नळ आठ दिवसांपेक्षा उशिरा येतो, तिथे पाणीपुरवठ्याचं वेळापत्रकच डासाच्या सोयीचं असतं. म्हणून पुढच्या वेळी तुमच्या गावात साथीची बातमी येईल तेव्हा किती घरांत अळ्या सापडल्या या आकड्याबरोबर अजून एक आकडा मागा: त्या घरांना पाणी किती दिवसांनी येतं?